कधी सुटलास?

मागच्या महिन्यातली गोष्ट, गुरुवार होता. एमआयडीसी फाट्यावर संध्याकाळची एसटी थांबली, दिवसभर कंपनीत उभी राहिलेली माणसं आत घुसली आणि त्या गर्दीत मला तो दिसला. गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी, हातात डब्याची पिशवी, बरोबर त्याच दोरीवाले आणखी दोघं. अंगाने भरला होता थोडा, केस वाढवले होते, पण कपाळावरची ती खोक तीच. मला इतका आनंद झाला की डोकं चालायच्या आधी तोंड चाललं. "अरे! तू? कधी सुटलास?" कंडक्टरने अजून बेल दिली नव्हती, ड्रायव्हरने इंजिन बंद ठेवलं होतं, त्यामुळे वर्गात ओरडून ओरडून पक्का झालेला माझा आवाज मागच्या लांब सीटपर्यंत गेला असणार. त्याने माझ्याकडे बघितलं, सेकंदभरच. मग एकदम साध्या आवाजात म्हणाला, "आत्ताच की सर. जनरल शिफ्ट सहाला सुटते."

आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

त्याच्या बरोबरचा पोरगा खिडकीची काच सरकवायच्या नादात होता, त्याला काही वावगं वाटलं नसावं. मला मात्र कानशिलं गरम झाल्याचं जाणवलं. चार थांबे गेले. मी समोरच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं बदामातलं नाव वाचत बसलो. तो उतरताना "येतो सर" म्हणाला, नेहमीसारखंच, आणि गाडी सुटली.

सुटणे. शाळा सुटते, शिफ्ट सुटते, गाडी सुटते, गाठ सुटते, वारा सुटतो, एखाद्याची दारू सुटते, लाडू बघितले की तोंडाला पाणी सुटतं. आणि माणूसही सुटतो. तीस वर्षं मी मराठीचा मास्तर म्हणून हे शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले, पोरांनी उतरवून घेतले, पेपरात पाच मार्कांना आले. पण क्रियापद ऐन वेळेला कसं धरायचं हे मला त्या दिवशी माझ्याच एका विद्यार्थ्याने दाखवलं, तेही चालत्या, म्हणजे थांबलेल्या एसटीत. अजून ती गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलोय.

रिटायर झाल्यावर घरात करमेना तेव्हा एका मित्राने मला जिल्हा कारागृहात साक्षरता वर्ग घ्यायला ओढलं. सोमवार आणि गुरुवार, दुपारी दीड तास. पहिल्या दिवशी फोन, पाकीट, किल्ल्या, बेल्ट सगळं गेटवर काढून ठेवलं, रजिस्टरला सही केली आणि त्या मोठ्या दरवाज्याच्या पोटातल्या छोट्या दारातून वाकून आत गेलो. ते दार असं आहे की कुणालाही वाकावंच लागतं, तपासणीला न्यायाधीश साहेब आले तरी वाकतात. आत आधी वास लागतो. फिनेल, ओल धरलेल्या दगडाचा, मोठ्या भांड्यात शिजलेल्या डाळीचा आणि त्याच्या खाली कुठेतरी पुष्कळ माणसांच्या एकत्र घामाचा. घरी आल्यावर शर्ट काढला तरी तासभर नाकात राहायचा. बायको म्हणायची तुझा भ्रम आहे. असेलही. वह्यांच्या पिना काढून घेतलेल्या, त्यामुळे वह्या दोऱ्याने टाचलेल्या. पट्ट्या नाहीत, कर्कटक तर नाहीच. खडू मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. मी आयुष्यभर खडू वाया घालवले, तिथं मात्र तुकडासुद्धा जपून वापरायला शिकलो.

बाराखडी घेऊन गेलो होतो, ती पहिल्याच आठवड्यात गुंडाळावी लागली. कुणालाच अ अननसाचा नको होता. आधी स्वतःचं नाव लिहायला शिकायचं, अंगठ्याच्या जागी सही यायला पाहिजे, आणि त्यानंतर लगेच "मा. न्यायाधीश साहेब यांच्या सेवेशी". मी एवढी वर्षं शिकवलं पण "सेवेशी" हा शब्द कुणी इतक्या जिव्हारी लागल्यासारखा गिरवताना बघितला नव्हता. एक वयस्कर गृहस्थ होते, चार महिन्यांत अक्षर जुळवून वाचायला लागले आणि त्यांनी पहिली गोष्ट वाचायला घेतली ती स्वतःचं दोषारोपपत्र. तीन दिवस लागले. बोट ठेवून ठेवून वाचत होते, ओठ हलत होते. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "सर, ह्यात माझं वय चुकलंय. पाच वर्षं जास्ती लावलंय." बाकीचं चुकलंय की बरोबर आहे ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. कलम विचारायचं नाही हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम होता, आणि खरं सांगायचं तर रोज बाहेर पडताना तो मोडायची भयंकर इच्छा व्हायची.

एसटीतला तो, त्याचं नाव इथं लिहीत नाही, वर्गात खिडकीजवळ बसायचा. खिडकीतून दिसायचं काय तर दुसरी भिंत. पण तिच्यावर दुपारी ऊन यायचं आणि ते ऊन कुठल्या दगडापर्यंत आलं की वर्ग संपतो हे त्याला बरोबर माहीत होतं. माझं घड्याळ गेटवर असायचं, मी त्यालाच विचारायचो, "किती राहिलं रे?" "दोन दगड, सर."

आता गंमत अशी की जिल्हा जेलमध्ये कुणीच "आहे" असं नसतं, सगळे "सध्या" असतात. सोमवारी बावीस, गुरुवारी नऊ. कुणाची तारीख, कुणाचा जामीन झाला, कुणाला दुसऱ्या जेलला हलवलं, कुणाला कोर्टात न्यायला गार्डच मिळाला नाही म्हणून तो तोंड पाडून बराकीत पडलाय. देशभराचं चित्रही असंच आहे, २०२२ च्या सरकारी आकड्यांत तुरुंगातल्या ५,७३,२२० माणसांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे चारात तीन जण ज्यांचा निकालच लागलेला नाही. आत त्यांना कच्चे कैदी म्हणतात. शिक्षा झाली की पक्का. मी हा शब्द ऐकला तेव्हा मला आधी लोणचंच आठवलं, मुरलेलं आणि न मुरलेलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. पण पुनर्वसन म्हणून जे जे काही आपल्याकडे आहे ते बहुतेक पक्क्यांसाठी आहे. कारखाना, शेती, मजुरी, मुक्त विद्यापीठाची पदवी, चांगल्या वागणुकीची माफी, संचित रजा म्हणजे शिक्षा चालू असताना घरी जायची सुटी. हे सगळं माणूस वर्षानुवर्षं राहणार हे धरून मांडलेलं आहे. उद्या जाईल की चार वर्षांनी जाईल हे ज्याला सांगता येत नाही, त्याला काय शिकवायचं? नव्वद दिवसांचा कोर्स लावला तर चाळिसाव्या दिवशी तो सुटतो, आणि मास्तर म्हणून माझा जीव हळहळतो की शिलाई मशीन आत्ता कुठे हाताला बसत होतं. कुणी सुटल्यावर हळहळणारा माणूस त्या अख्ख्या इमारतीत मी एकटाच असेन!

आणि आपल्याकडे प्रोग्रामला कार्यक्रम म्हणतात, तिथंच सगळा घोळ होतो. कार्यक्रम म्हटलं की फ्लेक्स आला, दीपप्रज्वलन आलं, शाल-श्रीफळ आलं. रक्षाबंधनाला राख्या, संक्रांतीला तिळगूळ, एकदा एका पाहुण्यांनी तणावमुक्तीवर पाऊण तास भाषण केलं आणि शेवटी म्हणाले की टेन्शन आलं की मोकळ्या हवेत फेरफटका मारून या. कुणी हसलं नाही. ते बघून मलाच हसू आवरेना, मी खोकल्याचं नाटक केलं. पण हेही सांगितलं पाहिजे की राखीच्या दिवशी एक धिप्पाड माणूस, ज्याला बराकीत सगळे वचकून असायचे, तो मनगट पुढे करून उभा होता आणि त्याचा हात थरथरत होता, राखी बांधणाऱ्या मुलीला गाठ मारता येईना. त्यामुळे कार्यक्रमांना नुसतंच हसणंही मला जमत नाही.

जुलै २०२४ नंतर आमच्या वर्गाला भलताच जोर आला. नवीन कायदे लागू झाले, त्यातल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ कलमात असं आहे की आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला नसेल आणि त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आतच गेला असेल तर त्याला बॉंडवर सोडायचं. ही बातमी बराकीत कशी पोचली माहीत नाही, पण गुरुवारी मी आत पाऊल टाकलं तर पस्तीस जण बसलेले. पहिला प्रश्न, "सर, एक तृतीयांश म्हणजे किती?" मी मराठीचा मास्तर, अपूर्णांकाशी माझं कधी जमलं नाही, पण त्या दिवशी भाकरीचे तीन तुकडे करून दाखवले, मग फळ्यावर सात वर्षं लिहिली, बारा साती चौऱ्याऐंशी महिने, भागिले तीन, अठ्ठावीस महिने, म्हणजे दोन वर्षं चार महिने. एवढी शांतता मला कॉलेजच्या वर्गात कधी मिळाली नव्हती. जो तो आपापलं कलम आणि आपापली वर्षं घेऊन भागाकार करत होता, बोटांवर, वहीवर, जमिनीवर. एकाचं उत्तर निघालं आणि तो दोनदा तपासून म्हणाला, "माझं तर होऊन वर तीन महिने झाले." त्याला अर्ज लिहायला दिला. मागच्या कोपऱ्यात दोघं तिघं वही मिटून बसले होते. मी विचारलं, तुम्ही का नाही करत? एक जण म्हणाला, "आम्ही तीनशे दोनवाले, सर. आम्हाला भागाकार नाही." जन्मठेप किंवा फाशी असलेल्या गुन्ह्यांना ते कलम लागू नाही, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. खिडकीजवळचा पोरगा त्या दिवशी काही बोलला नाही. भिंतीकडे बघत होता. मी अजूनही त्याचं कलम विचारलं नव्हतं, पण त्याने वही उघडली होती एवढं मात्र मी बघून ठेवलं.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की तुरुंगातली कामं जातीवरून वाटायची नाहीत, नियमावल्यांमधले तसले नियम घटनाबाह्य. पेपरात वाचलं, बरं वाटलं, चहाचा घोट घेतला आणि घोट घशातच राहिला. कारण मला एकदम आमच्या वर्गाबाहेरचा पॅसेज झाडणारा माणूस आठवला. दर सोमवारी आणि दर गुरुवारी तोच. मी त्याला किती तरी वेळा "काय, बरं आहे ना?" विचारलं होतं. रोज तुम्हीच का, हे कधी विचारलं नव्हतं. कारण काहीही असेल, कदाचित त्याने स्वतःच मागून घेतलं असेल, मला माहीत नाही. पण प्रश्नच पडला नाही हे काही चांगलं लक्षण नव्हे.

माझ्या घरी हॉलमध्ये जेलची सतरंजी आहे. निळी-पांढरी, जाड, दहा वर्षं झाली तरी तसूभर विरलेली नाही. पाहुणे आले की मी सांगतोच, जेलमधली आहे बरं का, आणि पाहुणे वाकून हात लावून बघतात. नाशिकरोडच्या जेलमधले गणपती लोक हौसेने आणतात, कोल्हापूरला अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कळंब्याच्या जेलमधल्या बायकांनी वळलेले असायचे, भाविक डोळे मिटून तोंडात टाकायचे. वस्तूला आपली काहीच हरकत नसते. उलट वस्तूवर जेल लिहिलेलं असलं की ती जास्त सांगण्यासारखी होते. माणसावर लिहिलेलं असलं की काय होतं ते मी एसटीत करून दाखवलं.

इथं माझ्या बहिणीची आठवण काढली पाहिजे, नाहीतर मी फारच चांगला माणूस असल्यासारखं वाटेल. तिची चेन ओढून नेली होती मोटरसायकलवरच्या दोघांनी, सकाळी दूध आणायला गेली तेव्हा. गळ्यावर आठ दिवस वळ होता आणि ती अजूनही मागून गाडीचा आवाज आला की पदर गळ्याशी धरते. मी जेलमध्ये शिकवतो कळल्यावर म्हणाली, "त्यांना पाटी-पेन्सिल देतोस. मला काय दिलं कुणी?" मी तिला सांगत बसलो की १९९८ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, सक्तमजुरीवाल्यांना वाजवी मजुरी द्या आणि त्यातला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढता यावा असा कायदा करा. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "माझी चेन चौदा ग्रॅमची होती," ती म्हणाली, "त्याने किती सतरंज्या विणायच्या?" नंतर कितीतरी दिवस वर्गात शिरलो की मी नकळत हात बघायचो, यातला कुठला असेल. मग खडू वाटायला लागलो की विसरायचो. दोन्ही खरं आहे.

आटपाडीच्या बाजूला एकदा एका लग्नाला गेलो होतो, येताना मुद्दाम वाट वाकडी करून स्वतंत्रपूरवरून आलो. औंधचे राजे, सूर्यनमस्कारवाले पंतप्रतिनिधी, आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडहून आलेला इंजिनिअर, या दोघांच्या डोक्यातून १९३९ मध्ये ही खुली वसाहत निघाली, शिक्षा झालेली माणसं बायकापोरांसकट राहून शेती करतील अशी. पुढे त्यावरून 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा झाला तो सगळ्यांना माहीतच आहे. मी रस्त्यावरूनच बघितलं. दुष्काळी माळ, मध्ये हिरवा तुकडा, दोरीवर कपडे वाळत घातलेले, त्यात एक शाळेचा शर्ट. भिंत शोधत होतो, नाहीच. ड्रायव्हर म्हणाला, "जेल आहे होय हे? मला वाटलं वस्ती आहे." मला त्या राजाचं नवल वाटतं. संस्थान लहान, पैसा कमी, आणि पळून गेले तर काय ही भीती त्यालाही असणारच की. पण तिथंही पक्केच. एवढा विश्वास टाकायचा तर आधी माणूस दोषी ठरावा लागतो, हा प्रकार मला कितीही विचार केला तरी पचत नाही.

१ मे २०२२ ला राज्य सहकारी बँकेने येरवड्यात कैद्यांसाठी कर्ज सुरू केलं, पन्नास हजारांपर्यंत, सात टक्क्यांनी, आतल्या मजुरीतून फेडायचं. योजनेचं नाव जिव्हाळा. सरकारी नावं मला सहसा आवडत नाहीत पण हे आवडलं, कारण ते पैसे घरी जातात. पोराच्या फीला, वकिलाला, आजारपणाला. चार भिंतींच्या आत बसून माणूस घरातला कर्ता राहू शकतो, ही कल्पना कुणाला तरी सुचली. (आणि हेही पक्क्यांसाठीच, आता मी तेच तेच बोलायला लागलोय, सोडा.)

तर खिडकीजवळचा तो. आमच्या जेलमध्ये एकदा मोटर रिवाइंडिंगचा छोटा कोर्स झाला आणि तो त्यात टिकला, शेवटपर्यंत. तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना त्याला मी बघितलंय, मोजणारी माणसं असतात ना तशी, जीभ थोडी बाहेर काढून. सर्टिफिकेट वाटपाच्या आदल्या दिवशी त्याने मला विचारलं, "सर, सर्टिफिकेटवर पत्ता कुठला येणार?" मी अभिमानाने म्हणालो, "अरे, कारागृहाचं नाव, गोल शिक्का, साहेबांची सही, सगळं व्यवस्थित येणार." तो "बरं" म्हणाला. पुढे दोन महिन्यांनी एका गुरुवारी त्याची जागा रिकामी होती. कुणीतरी सांगितलं, गेला. जामीन झाला की निर्दोष सुटला, कुणाला नक्की माहीत नव्हतं. गादीखाली ठेवलेल्या सामानात सर्टिफिकेट होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न घातलेलं. तेव्हा मला राग आला होता. वाटलं, एवढं करून घेतलं आणि हा पोरगा विसरून गेला.

विसरला नव्हता तो, हे मला कळायला एसटीच्या चार थांब्यांचा रस्ता लागला.

त्यानंतर मी दोन गुरुवार मुद्दाम आधीची गाडी पकडली. तिसऱ्या गुरुवारी उशीर झाला. फाट्यावर गाडी थांबली, निळ्या दोऱ्या आत आल्या, त्यात तो होता आणि जागा फक्त माझ्या शेजारी होती. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, उसाच्या ट्रॉलीत फार काही बघण्यासारखं असल्यागत. तो बसला. पिशवी मांडीवर. त्याचा मित्र दांडीला धरून उभा. थोड्या वेळाने तोच मित्राला म्हणाला, "हे आमचे सर. मराठीला होते आम्हाला."

"हो का? नमस्कार सर," मित्र म्हणाला, "कुठल्या शाळेत?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत होता, एक बोट पिशवीच्या बंदाभोवती गुंडाळत, एक वेढा, दोन वेढे.

"जिल्ह्याच्या," मी म्हणालो. "दुपारच्या पाळीची."

"ऊन उतरलं की सुटायची," तो म्हणाला.